सगळ्यांनाच अहो-जाहो : इंग्रजीतल्या ‘यू’ची गोष्ट

इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, असा समज मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आजोबांना यू, शेजारच्या बाळाला यू, पंतप्रधानांना यू आणि दारातल्या कुत्र्यालाही यू. यावरून कुणी म्हणतं, त्या भाषेत मान द्यायची सोयच नाही. कुणी उलट कौतुक करतं, की बघा, तिथे सगळे समान. दोन्ही मतं एकाच चुकीच्या गृहीतकावर उभी आहेत. ‘यू’ हा शब्द ‘तू’ नाहीच, तो ‘तुम्ही’ आहे. इंग्रजीत ‘तू’साठी वेगळा, रोजच्या बोलण्यातला शब्द होता आणि तो तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी प्रमाण भाषेतून गेला. आज इंग्रजी बोलणारा माणूस घरच्या मांजरालासुद्धा अहो-जाहोच करत असतो.

पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही, तो क्रियापदातच आहे. एकट्या माणसाशी बोलतानाही इंग्रजीत ‘यू आर’ आणि ‘यू वेअर’ म्हणतात. ही दोन्ही क्रियापदं अनेकवचनी आहेत. मराठीत एकट्या काकांना आपण ‘तुम्ही आहात’, ‘तुम्ही होतात’ म्हणतो, तसंच हे. अठराव्या शतकात अनेक इंग्रजांना हे खटकू लागलं होतं. समोर एकच माणूस असेल तर क्रियापदही एकवचनी हवं, या सरळ हिशेबाने ते ‘यू वॉज’ म्हणत आणि चांगले शिकलेले लोकही तसं लिहीत. 1762 साली रॉबर्ट लोथ या धर्मगुरूचं इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झालं. त्यात त्याने या प्रयोगाला घोर चूक ठरवलं. अमेरिकेचा कोशकार नोहा वेब्स्टर याने ‘यू वॉज’ची बाजू घेतली, पण शाळामास्तरांनी लोथचं ऐकलं. त्यामुळे ‘यू’च्या मागचं अनेकवचन आजही क्रियापदात जसंच्या तसं दिसतं.

हरवलेला शब्द म्हणजे ‘दाऊ’. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत त्याचं रूप मराठी ‘तू’च्या फार जवळचं होतं आणि ते नुसतं योगायोगाने नाही. संस्कृतमधला ‘त्वम्’, लॅटिनमधला ‘तू’, मराठीतला ‘तू’ आणि इंग्रजीतला ‘दाऊ’ ही एकाच मूळ शब्दाची लेकरं आहेत. ‘यू’चं नातं संस्कृतमधल्या ‘यूयम्’ या अनेकवचनाशी आहे. मराठीत मात्र तो ‘य’ टिकला नाही. प्राकृत बोलणाऱ्यांनी एकवचनातला ‘त’ अनेकवचनातही नेला, ‘तुम्हे’ असं रूप झालं आणि त्यातून ‘तुम्ही’ आला. म्हणजे संस्कृतमधल्या अनेकवचनाचा ‘य’ मराठीने सोडला आणि दूरच्या इंग्रजीने सांभाळला. जुन्या इंग्रजीत संस्कृतप्रमाणे द्विवचनसुद्धा होतं. ‘तुम्ही दोघं’ यासाठी स्वतंत्र सर्वनाम होतं. ते तेराव्या शतकाच्या आसपास नाहीसं झालं.

‘यू’ला मुळात कर्त्याची जागाही नव्हती. कर्ता म्हणून ‘यी’ यायचं, म्हणजे तुम्ही. ‘यू’चा अर्थ होता ‘तुम्हाला’. सोळाव्या शतकात या दोन्ही रूपांची सरमिसळ झाली आणि शेवटी ‘तुम्हाला’नेच ‘तुम्ही’ची जागा बळकावली. (जुन्या धाटणीच्या इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असं लिहिलेलं दिसतं, त्या ‘यी’चा याच्याशी काहीही संबंध नाही. ते नुसतं ‘द’ आहे. ‘थ’साठी असलेलं एक जुनं अक्षर ‘वाय’सारखं दिसायचं, छापणाऱ्यांनी त्याच्या जागी ‘वाय’ बसवला आणि लोक तसंच वाचू लागले.)

एकट्या माणसाला अनेकवचनाने हाक मारण्याची रीत इंग्रजीत फ्रेंचांकडून आली. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. फ्रेंचमध्ये बरोबरीच्याला आणि धाकट्याला ‘त्यू’, मोठ्याला ‘वू’. तेराव्या शतकापासून इंग्रजीतही तसेच संकेत रुजू लागले. मालक नोकराला दाऊ म्हणे, नोकर मालकाला यू. आईबाप मुलांना दाऊ म्हणत, मुलं आईबापांना यू. प्रेमात पडलेली माणसं यूवरून दाऊवर येत. मराठी वाचकाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

भांडणात एकेरीवर येणं हा प्रकारही तिथे होता आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण न्यायालयातलं आहे. नोव्हेंबर 1603 मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. लंडनमध्ये प्लेगची साथ होती म्हणून न्यायालय विंचेस्टरला बसलं. सरकारी बाजू मांडणारा ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक भर न्यायालयात रॅलेवर ओरडला, त्याला सापाची उपमा दिली आणि त्याला ‘दाऊ’ म्हटलं. एवढ्यावर न थांबता, मी तुला ‘दाऊ’च म्हणणार, असंही बजावलं. ‘दाऊ’ त्याने थेट क्रियापद म्हणून वापरला. मराठीत ‘अरे-तुरे करणे’ आहे तसं इंग्रजीत ते चांगलं रुळलेलं क्रियापद होतं. राणी एलिझाबेथच्या मर्जीतल्या, नाइट किताब मिळालेल्या दरबाऱ्याला हा शब्द चाबकासारखा लागला असणार. त्याच सुमाराच्या शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्थ नाइट’ नाटकात एक पात्र दुसऱ्याला द्वंद्वाचं आव्हान देणारं पत्र कसं लिहावं हे शिकवतं. समोरच्याला दोन-तीनदा दाऊ म्हटलंस तरी चालेल, असा त्याचा सल्ला आहे.

शेक्सपिअरने या दोन शब्दांकडून जे काम करून घेतलं, त्याकडे खास लक्ष द्यायला हवं, कारण आजच्या इंग्रज प्रेक्षकाच्या कानावरून ते निसटून जातं. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात राणी मुलाला आपल्या दालनात बोलावते. ती सुरुवातीला त्याला दाऊ म्हणते, आई मुलाला म्हणेल तसंच. तू तुझ्या वडिलांना दुखावलंस, असं ती सावत्र बापाबद्दल सांगते. हॅम्लेट तिचंच वाक्य उलटवून परत करतो, पण त्यात दाऊच्या जागी यू घालतो. वडील आता त्याचे खरे, मेलेले वडील आहेत आणि आई आता परकी आहे. पुढच्याच वाक्यात राणीही दाऊ सोडून यूवर येते. रागावलेली मराठी आई जेव्हा मुलाला ‘तुम्ही आता मोठे झालात, तुम्हाला कोण सांगणार’ म्हणते, तेव्हा त्या ‘तुम्ही’त मान नसतो, दुरावा असतो. इथे नेमकं तेच घडतं. मराठीत ‘हॅम्लेट’ 1883 साली गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून आलं. या प्रसंगाला लागणारी साधनं मराठी अनुवादकाच्या हाताशी आयती असतात. आधुनिक इंग्रजीत तोच प्रसंग सोपा करून सांगणाऱ्याकडे ती उरलेली नाहीत.

ज्या पिढीच्या इंग्रजीत हे दोन्ही शब्द जिवंत होते, त्या पिढीतला एक इंग्रज मराठी साहित्यात कायमचा येऊन बसला आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशरचे. 1579 मध्ये ते गोव्यात उतरले आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच राहिले. नोव्हेंबर 1579 मध्ये त्यांनी गोव्याहून वडिलांना पाठवलेलं इंग्रजी पत्र पुढे छापलं गेलं. त्यात वडिलांसाठी आहे ते ‘यू’. जुन्या मराठी घरातला मुलगा वडिलांना ‘तुम्ही’ लिहील, तसंच. 1616 साली, शेक्सपिअरच्या मृत्यूच्या वर्षीच, स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ हे जवळजवळ 11 हजार ओव्यांचं मराठी काव्य छापून झालं. आज इंग्लंडमधून येऊन मराठी शिकणाऱ्या माणसाला तू आणि तुम्ही यांतला फरक प्रयत्नाने आत्मसात करावा लागतो. स्टीफन्स यांच्या मायबोलीत तो होताच.

मग आज ‘दाऊ’ म्हटलं की इंग्रजी कानांना तो देवाधर्माचा, भारदस्त, जवळजवळ सोवळ्यातला शब्द का वाटतो? कारण बायबल. विल्यम टिंडेलने 1526 मध्ये नवा करार इंग्रजीत छापला. मूळ ग्रीकमध्ये, तसंच जुन्या कराराच्या हिब्रूमध्ये, एकाला एक सर्वनाम आणि अनेकांना दुसरं, एवढाच भेद आहे. मान-अपमानाचा प्रश्न त्यात नाही. टिंडेलने तो भेद तसाच इंग्रजीत आणला आणि 1611 च्या राजमान्य बायबलने तोच कित्ता गिरवला. म्हणून त्या बायबलमध्ये देवाला दाऊ आहे, राजाला दाऊ आहे, नोकराला दाऊ आहे आणि सैतानालाही दाऊ आहे. त्या काळच्या बोलण्यातून दाऊ मागे पडू लागला होता, पण चर्चमध्ये दर रविवारी तो ऐकू येत राहिला. घरातून आणि बाजारातून तो गेल्यावर फक्त प्रार्थनेत उरला आणि प्रार्थनेतला म्हणून पवित्र झाला. मराठी भक्त विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो ते जवळिकीने, आईला म्हणावं तसं. इंग्रजीतली देवाची ‘दाऊ’सुद्धा मुळात साधी एकेरी हाकच होती. आज बहुतेक इंग्रजी भाषकांना ती आदराची पराकाष्ठा वाटते.

दाऊसाठी खरोखर मार खाल्ला तो क्वेकर पंथाच्या लोकांनी. सतराव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून हा पंथ उभा राहिला. देवापुढे सगळे सारखे, म्हणून कुणापुढे टोपी काढायची नाही आणि गरीब असो वा उमराव, एका माणसाला दाऊच म्हणायचं, असा त्यांचा नेम होता. एका माणसाला अनेकवचन लावणं हे त्यांच्या मते खोटं बोलणं होतं आणि त्यात श्रीमंतांच्या अहंकाराला गोंजारणंही होतं. फॉक्स आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 1660 मध्ये यावर एक ग्रंथच काढला. जगातल्या अनेक भाषांत एकाला वेगळं आणि अनेकांना वेगळं सर्वनाम कसं असतं, याची उदाहरणं त्यात भाषावार मांडली होती. तत्त्वासाठी व्याकरणाचा एवढा खटाटोप करणारा दुसरा पंथ शोधूनही सापडणार नाही.

त्याची किंमत घराघरांत मोजावी लागली. थॉमस एलवूड हा तरुण 1659 च्या सुमारास क्वेकर झाला. तो डोक्यावर टोपी ठेवूनच वडिलांसमोर गेला आणि त्यांना दाऊ म्हणाला. वडिलांनी त्याला दोन्ही हातांनी मारलं, त्याच्या टोप्या काढून घेतल्या आणि पुन्हा मला दाऊ म्हणालास तर दात घशात घालीन, अशी धमकी दिली. हे सगळं एलवूडने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. ज्या शब्दात मुलाला सत्य दिसत होतं, त्यातच बापाला उद्दामपणा ऐकू येत होता आणि आपापल्या जागी दोघंही प्रामाणिक होते. हाच एलवूड पुढे अंध झालेल्या कवी मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवायला जात असे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या नेहमीच्या बोलण्यातून दाऊ जवळजवळ गेला. याचं एकच एक कारण देता येत नाही, तरी शहराचा वाटा मोठा असावा. खेड्यात कोण कोणाहून मोठं हे ठरलेलं असतं. लंडनमध्ये मात्र कापडाचा व्यापारी उमरावाहून श्रीमंत असू शकत होता आणि कपड्यांवरून माणसाची पायरी ओळखणं अवघड झालं होतं. अशा वेळी चुकून एकेरी बोलण्याचा धोका कोण पत्करेल? सगळ्यांना यू म्हणणं सुरक्षित होतं. शिवाय दाऊबरोबर प्रत्येक क्रियापदाला वेगळा प्रत्यय जोडावा लागे, तोही त्रास वाचला. दाऊ हा क्वेकरांचा शब्द ठरल्यामुळे इतरांनी तो आणखी टाळला, असंही काही अभ्यासक मानतात.

विसाव्या शतकात स्वीडनने नेमका उलटा रस्ता धरला. तिथे अनोळखी किंवा वरिष्ठ माणसाशी बोलताना त्याचा हुद्दा लावून, जणू तो समोर नाहीच असं बोलायची पद्धत होती आणि ती सगळ्यांनाच जड झाली होती. 1967 मध्ये देशाच्या आरोग्य खात्याची सूत्रं हाती घेताना ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केलं, की आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’, म्हणजे तू, म्हणणार आणि त्यांनीही आपल्याला तेच म्हणावं. बदलाला आधीच सुरुवात झाली होती, पण या घटनेने तिला वेग आला. काही वर्षांतच जवळजवळ सगळा देश एकमेकांना तू म्हणू लागला. दोन्हीकडे एकच सर्वनाम उरलं, पण स्वीडिश माणसांनी सगळ्यांना जवळ घेतलं आणि इंग्रजांनी सगळ्यांना एक पाऊल लांब उभं केलं.

अर्थात दाऊ पूर्ण मेला नाही. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर आणि लँकेशरच्या बोलीत तो ‘दा’ किंवा ‘दी’ या रूपांत विसाव्या शतकातही नांदत होता आणि जुन्या लोकांच्या तोंडी आजही ऐकू येतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर ‘दू’ आहे. नॉटिंगहॅमशरच्या खाणकामगाराच्या घरात वाढलेल्या डी. एच. लॉरेन्सने अशाच बोलीतून फार मोलाचं साहित्य घडवलं. ‘सन्स अँड लव्हर्स’ या 1913 च्या कादंबरीत खाणकामगार बाप ‘दा’ म्हणतो आणि आई शुद्ध इंग्रजी बोलते. नवरा-बायकोमधलं सगळं अंतर त्या दोन भाषांत उतरलं आहे. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या त्याच्याच कादंबरीतल्या मेलर्स या नायकाला दोन्ही भाषा येतात. सरदारघराण्याच्या बाईशी तो कधी बोलीत बोलतो आणि कधी प्रमाण इंग्रजीत, यावर तो तिला किती जवळ येऊ देतोय हे ठरतं.

एक शब्द गेला आणि दुसऱ्यावर दुप्पट भार पडला, त्याचा त्रास अजून चालू आहे. ‘यू’ म्हटलं की समोरचा एकटा की सगळा घोळका, हे कळत नाही. प्रमाण इंग्रजीने यावर काही केलं नाही, पण बोलींनी ही उणीव भरून काढली. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ म्हणतात. ग्लासगो, लिव्हरपूल आणि ऑस्ट्रेलियात ‘यूझ’ आहे, पिट्सबर्गमध्ये ‘यिन्झ’. आयर्लंडमध्ये जुना ‘यी’ अजून अनेकवचनाचं काम करतो. जमैकात ‘उनू’ म्हणतात. तो शब्द गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी पश्चिम आफ्रिकेतून बरोबर नेला आणि इग्बो भाषेत आजही त्याचा अर्थ ‘तुम्ही सगळे’ असाच आहे. सर्वांत जास्त पसरलेला ‘यू गाइज’ तर एका कटवाल्याच्या नावावरून आला. 1605 मध्ये इंग्लंडची संसद उडवण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला. दर 5 नोव्हेंबरला लोक त्याचा पुतळा जाळू लागले आणि त्या पुतळ्याला ‘गाय’ म्हणू लागले. पुढे विचित्र कपड्यांतल्या कोणत्याही माणसाला आणि मग अमेरिकेत कोणत्याही माणसाला गाय म्हटलं जाऊ लागलं. आज मैत्रिणींचा घोळकाही आपसात हाच शब्द वापरतो.

‘यू’चा आणखी एक उपयोग असा आहे, की त्यात समोरचा माणूस अभिप्रेतच नसतो. नोकरी गेलेला माणूस स्वतःबद्दलच सांगत असतो, पण ‘मी’ न म्हणता ‘यू’ म्हणतो: अशा वेळी यूला झोप लागत नाही, यूला कुणाला भेटावंसं वाटत नाही. एरियाना ऑरव्हेल, ईथन क्रॉस आणि सुझन गेलमन यांनी 2017 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात या ‘यू’वर संशोधन प्रसिद्ध केलं. दुःखद अनुभवातून अर्थ शोधू पाहणारी माणसं हा ‘यू’ जास्त वापरतात, असं त्यांना आढळलं. आपलं दुःख थोडं दूर धरून, हे कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं असं म्हणण्याची ती रीत आहे.

मराठीला हेच सांगायचं तर ती ‘माणूस’ म्हणते किंवा ‘आपण’ म्हणते. ‘अशा वेळी माणसाला झोप लागत नाही.’ हा ‘आपण’ही विलक्षण आहे. तो सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकत्र घेतो, वडीलधाऱ्यांना मान देतो आणि वेळ पडली तर जगातल्या कुणाहीसाठी उभा राहतो. अलीकडच्या मराठी लेखांत आणि भाषांतरांत मात्र त्याच्या जागी सरसकट ‘तुम्ही’ येऊ लागला आहे. ‘तुम्ही म्हातारे होता तेव्हा तुमची हाडं ठिसूळ होतात’ अशी वाक्यं आरोग्याच्या सदरात दिसतात आणि विशीतला वाचकही चमकतो. तो ‘तुम्ही’ इंग्रजी ‘यू’ची सावली आहे.

मानाचा विषय इंग्रजीने सर्वनामातून काढून इतरत्र ठेवला आहे: सर, मॅडम, प्लीज, आडनावाने हाक मारणं, आज्ञेऐवजी प्रश्न विचारणं. ‘पाणी देता का?’ या मराठी वाक्यात क्रियापदच मान सांभाळतं, वेगळं ‘प्लीज’ लागत नाही. त्यामुळे मराठी माणसाचं शब्दशः इंग्रजी कधी हुकूम दिल्यासारखं वाटतं आणि इंग्रजीतून शब्दशः आलेलं मराठी कधी एकेरीवर घसरतं.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्यांनी सर्वनामांच्या तक्त्यात ‘यू’समोर आधी ‘तुम्ही’ लिहावं आणि मग ‘तू’. मुलांना ‘यू आर’मधलं ‘आर’ कुठून आलं ते त्यामुळे आपोआप कळेल. आणि इंग्रजीतून मराठीत आणणाऱ्यांनी, मग ती कादंबरी असो, चित्रपटाचे संवाद असोत की बँकेची सूचना, प्रत्येक ‘यू’पाशी क्षणभर थांबून बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि ते एकमेकांचे कोण लागतात, एवढं ठरवूनच पुढे जावं.